आकाश निरभ्र, समुद्र नव्हे

उन्हाळ्याच्या सुटीत कुठे जायचे, या घरोघरच्या चर्चेत अंदमानच्या जोडीला आता लक्षद्वीपचेही नाव घेतले जाते. विमान, जहाज, राहण्याची सोय, स्नॉर्केलिंगचे पैसे यांचा हिशेब काटेकोरपणे होतो. हवामानाची चौकशी मात्र ‘पाऊस नाही ना?’ या एका प्रश्नावर संपते. बेटांच्या बाबतीत हा प्रश्नच अपुरा आहे.

केरळ आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवर स्वच्छ ऊन पडलेले असताना, वारा नसताना समुद्र अचानक चढतो. मल्याळममध्ये त्याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. या लाटांचा उगम हजारो किलोमीटर दूर, दक्षिण गोलार्धातल्या वादळांत असतो. लाटांचा आवर्तकाळ जितका मोठा, तितकी त्यांची शक्ती वाटेत कमी खर्च होते. म्हणून काही दिवसांनी त्या इथवर पोहोचतात, तेव्हा त्यांना जन्म देणाऱ्या वादळाची इथे कुणाला गंधवार्ताही नसते. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात समुद्रात उतरलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी अशाच दिवसांत बुडाले. उधाणाचा इशारा त्याआधीच दिलेला होता. विज्ञान कमी पडले नव्हते. कागदावरचा इशारा पाण्याच्या काठापर्यंत पोहोचला नव्हता.

लक्षद्वीपची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहे. चढून जायला डोंगर नाही, पळून जायला दुसरा तालुका नाही. भोवतालची प्रवाळभिंत लाटांचा जोर मोडते, म्हणून आतले खाजण निळेशार आणि शांत दिसते. पण मोठ्या लाटा भिंतीवरून आत पाणी लोटू लागल्या, की ते पाणी भिंतीतल्या खिंडीतून वेगाने बाहेर निघते. वर संथ दिसणाऱ्या पाण्यातला हाच ओढा चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत दम घालवू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि ओढ्याला आडवे होत बाजूला सरकावे. काठावरच्यांनी मागोमाग उडी न टाकता दोर, रिकामा कॅन, जे तरंगते ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबावी आणि मदत येईपर्यंत दोन्ही चालू ठेवावे.

वाऱ्याचे गणितही फसवे आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा सोसणारा पत्रा ८० किलोमीटरला तग धरेलच असे नाही. नारळाच्या बागेखाली उभे राहणे, धक्क्याच्या टोकाला जाऊन लाटांचे फोटो काढणे हे अशा दिवशी धाडस नव्हे, अविचार आहे. पक्क्या इमारतीतली, खिडक्यांपासून दूर असलेली खोली हाच खरा आसरा. पाणी चढण्याची भीती असेल तर ती खोली वरच्या मजल्यावरची हवी.

वादळ सरल्यावरही धोका संपत नाही. प्रवाळबेटावर गोडे पाणी म्हणजे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. समुद्र आत शिरला की विहिरी खारट आणि दूषित होतात. बोटी दोन-तीन दिवस बंद राहिल्या तर मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्यांची पंचाईत होते. म्हणून जास्तीच्या दिवसांची औषधे आणि जलसंजीवनीची पाकिटे हातातल्या पिशवीत असावीत, सामानाच्या बॅगेत नव्हे.

तरीही सारी जबाबदारी पर्यटकावर ढकलणे अन्यायाचे होईल. हवामान खात्याचे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग, तसेच हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचे लाटांचे अंदाज सर्वांना खुले आहेत. ते सहलीच्या वेळापत्रकात कुठेच दिसत नाहीत. उलट ‘पैसे भरलेत, आता बोट सोडा’ हा आग्रह नावाड्यावर होतो आणि दिवसाची कमाई बुडू नये म्हणून तोही कधी नमतो. सहल कंपन्यांनी करारातच एक राखीव दिवस ठेवावा. इशाऱ्यामुळे रद्द झालेल्या फेरीचे पैसे परत द्यावेत आणि नावाड्याचा त्या दिवसाचा मोबदला बुडू देऊ नये. धक्क्यावर त्या दिवसाचा रंग दाखवणारा बावटा आणि पाहुण्यांना कळेल अशा भाषेतली चार वाक्ये, एवढ्याला फार खर्च येत नाही.

सारखे इशारे दिले तर लोक ते मनावर घेणार नाहीत, असा आक्षेप असतो. त्यात तथ्य आहे. म्हणून इशारा नेमका हवा: आज खिंडीकडे जाऊ नका, दुपारनंतर बोट नाही, गावात फिरायला हरकत नाही. बेट बंद करायचे नाही, त्या दिवसाचा बेत बदलायचा आहे.

कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालत नाही. त्याचेही पोट हातावर असते, तरी तो थांबतो. चार दिवसांच्या पाहुण्याला एक दिवस थांबणे जड जाऊ नये.