एका अक्षराचा कज्जा

हैदराबादच्या बाजारात ‘मैंइच बोला’, ‘वोइच दुकान’ असे शब्द कानी पडले की आमचे काही सुशिक्षित बंधू नाक मुरडतात. ही म्हणे बिघडलेली उर्दू! याच मंडळींनी कोकणीसही बिघडलेली मराठी ठरविलेले आम्ही ऐकले आहे. दोन्ही आरोप एकाच अज्ञानातून निघतात, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

प्रमाण उर्दूत जेथे ‘ही’ येतो, तेथे दखनीत ‘च’ येतो, आणि त्याचे मूळ अभ्यासक मराठीत पाहतात. बाजारात वस्तूबरोबर तिचे नावही येते, त्यात नवल नाही. परंतु शब्दाच्या पाठीस चिकटणारे असे अक्षर पिढ्यान् पिढ्यांच्या शेजारावाचून कोणी उचलीत नाही. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेले. ‘च’ मात्र येथेच राहिला.

अक्षर क्षुल्लक वाटत असेल, तर वकिलास विचारावे. ‘पूजेचा हक्क या घराण्यासही आहे’ आणि ‘या घराण्यासच आहे’ यांत भेद एका अक्षराचा. पण देवस्थानच्या कज्ज्यात तेवढ्यावर दुसऱ्या घराण्याची वृत्ती जाते.

आमचे व्याकरण यांस शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणते. ‘साठी’ लागताच ‘घोडा’चे ‘घोड्यासाठी’ होते. ‘च’ लागला तरी ‘घोडाच’ राहतो. विभक्ती असेल तर तिच्यामागून ही येतात: ‘घरात’, मग ‘घरातही’. फिनिश भाषा आमच्या कुळातील नव्हे. तरी तीत ‘तालोस्सा’ म्हणजे घरात आणि ‘तालोस्साकिन’ म्हणजे घरातही. तिच्याच फिन्नो-उग्रिक कुळातील हंगेरियन ‘मीही’ यास ‘एन इश’ म्हणते, व तो ‘इश’ तोडून लिहिते. आमच्या दाराशी तेलुगू ‘मीच’ यास ‘नेने’ म्हणते; कोकणी ‘हांवच’ आणि ‘हांवूय’ म्हणते. फिनिशांचा ‘किन’ पंडितांच्या अभ्यासाचा विषय व्हावा आणि हैदराबादेतील ‘च’ चेष्टेचा, हा कोणता न्याय?

दखनीवर आणि कोकणीवर अशुद्धतेचा आरोप ठेवणाऱ्यांनी प्रथम हा पुरावा वाचावा. आणि येथील मराठी वा कोकणी घरातील मुलाने शाळेतून ‘वोइच’ आणले, तर त्यास दटावू नये. तो ‘च’ त्याच्या आजीच्याच बोलीतला आहे, एवढे त्यास सांगावे.