दुर्बिणी का पळाल्या?

दुर्बिणींना कधी पळ काढावा लागलेला ऐकलंय का? ऐका तर मग!

व्हॅटिकन म्हणजे पोपचं गाव. तिथं १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी वेधशाळा नव्यानं उभी केली. पण भोवतालच्या रोम शहरात विजेचे दिवे वाढत गेले, आकाश उजळलं आणि मंद तारे दिसेनासे झाले. म्हणून १९३० नंतरच्या दशकात वेधशाळा सुमारे २५ किलोमीटरवरच्या कास्तेल गांदोल्फो गावी हलवली. हुश्श! पण दिव्यांचा उजेड तिथंही पोचला की!

शेवटी नवी मोठी दुर्बीण बसवली ती थेट अमेरिकेत. ॲरिझोना राज्यातल्या माउंट ग्रॅहम डोंगरावर, ३,००० मीटरहून जास्त उंचीवर, १९९३ मध्ये. तिचा आरसा १.८ मीटर, म्हणजे उंच माणसाएवढा रुंद!

आरसा मोठा, तर ताऱ्यांचा उजेड जास्त गोळा होतो. पण दिव्यांनी आकाशच पांढुरकं झालं, तर मोठा आरसा काय करणार?

वेधशाळेला जागा बदलता आली. आपल्याला घर कसं हलवता येईल? म्हणून एक करा. हिवाळ्यात, चंद्र नसलेल्या रात्री कृत्तिकांचा पुंजका शोधा. चांगल्या अंधारात नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात. तुम्हाला किती दिसले? आता अंगणातला दिवा मालवा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. आकडा वाढला, तर आईबाबांना दाखवा. उजेड वर न जाता खालीच पडेल, असं झाकण दिव्याला बसवता येईल का, तेही विचारा!