झाडामागे काही सेंट

बालदोस्तांनो, मे महिना म्हणजे आपल्याकडे सुट्टी, आंबे आणि पत्त्यांचे डाव! कॅनडात मात्र याच सुमारास कॉलेजची कितीतरी मुलंमुली तंबू-पथारी घेऊन रानाची वाट धरतात. कशाला? झाडं लावायला! वनमहोत्सवात एक रोप आणि फोटोत दहाजण, तसलं हे काम नव्हे बरं का.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. तिथे लाकडासाठी मोठी जंगलतोड होते. जो तोडेल त्यानंच पुन्हा लावायचं, अशी जबाबदारी १९८७ साली सरकारनं लाकूड कंपन्यांवर टाकली. २०२० साली या एका प्रांतात ३० कोटींहून जास्त रोपं लागली. तीही हातानं! उतार, ओंडके, दगडधोंडे असलेल्या जागी यंत्र कसं चालणार?

कमरेच्या पिशव्यांत शेकडो रोपं भरायची. फावडं मारून फट पाडायची, वाकून रोप सरळ बसवायचं, माती दाबायची आणि पुढे चालायचं. भातलावणी पाहिली आहे ना? तसंच वाकणं, पण चढावर, आणि भोवती डासांचे थवे. मनगटं सुजतात, पायांना फोड येतात. मजुरी बहुधा रोपावर. एका रोपाला काही सेंट. शंभर सेंटचा एक डॉलर, आता तुम्हीच हिशेब करा! नवख्याची काहीशे रोपांतच दमछाक होते. सरावलेला गडी दिवसाला दोन हजारांवर जातो. त्याच्या दंडात काही जादू नसते. एकही हालचाल वाया न घालवणं तो शिकलेला असतो, इतकंच.

आता खरी गंमत. अफाट रानात तुमच्यावर नजर ठेवायला कुणी नसतं. रोपांचा एखादा जुडगा तसाच पुरून टाकला तर? पैसे मिळतील, पाठही वाचेल! असा मोह होणारे असतातच. म्हणून तपासनीस येतो. ३.९९ मीटर लांबीची दोरी फिरवून तो वर्तुळ आखतो. ते जवळजवळ ५० चौरस मीटरचं भरतं. (गणितवाल्यांनो, पडताळून पाहा!) त्यातलं एकेक रोप तो तपासतो. काम वाईट निघालं तर पुन्हा करावं लागतं आणि रोपं पुरणाऱ्याला घरचा रस्ता दाखवतात.

पण दोरी काही प्रत्येक रोपापर्यंत पोचत नाही. बाकीची रोपं नीट लागतात ती लावणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर. हंगाम संपला की कॉलेजच्या फीचे पैसे गाठीशी असतात, आणि कुणी बघत नसतानाही नीट काम करायची सवय लागलेली असते. शार्लट गिल या लेखिकेनं हे काम जवळजवळ वीस वर्षं केलं आणि २०११ साली त्यावर पुस्तक लिहिलं.

एक गोष्ट मात्र खरी. ही झाडं वाढली की पुन्हा तोडलीही जातात. तोडलेलं जुनं जंगल एका उन्हाळ्यात परत येत नाही. लावणाऱ्यांना हे ठाऊक असतं, तरी ते रोप वाकडं लावत नाहीत.

आईबाबा, तुम्हालाही एक विनंती. या सुट्टीत घरातलं एखादं काम मुलांवर पूर्ण सोपवा. मध्ये मध्ये डोकावू नका. आणि दोस्तांनो, ते काम कसं करायचं, हे आता वेगळं सांगायला हवं का?