लोड कुठाय?

मेणबत्तीवर वीज! हे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. खाली मेणबत्ती, वर पेल्टिएरची चार सेंटिमीटरची पांढरी वडी, त्यावर हीटसिंक आणि मल्टिमीटरवर झळकणारे ३ व्होल्ट. झालं, क्रांती! अहो, हा सीबेक परिणाम १८२१ सालचा आहे.

माझं भांडण प्रयोगाशी नाही, मोजण्याशी आहे. मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणजे ते ३ व्होल्ट बिनओझ्याचे. एकट्याने लॉगिन करून "साइट मस्त चालते" असं मी क्लायंटला सांगितलं तर तो जोड्याने मारेल. इथे मात्र टाळ्या.

त्या वडीला स्वतःचा रोध असतो, समजा २ ओहम. बाहेर तेवढाच रोध जोडला की सगळ्यात जास्त पॉवर मिळते, पण व्होल्टेज निम्मं होतं. दीड व्होल्ट, पाऊण अँपिअर, म्हणजे १.१ वॉट. तेही तापमानातला फरक टिकला तर! हळूहळू हीटसिंक तापतो, फरक घटतो, आकडा घसरतो, आणि व्हिडिओ तोवर संपलेला असतो. पंखा लावताय? मग त्याचे वॉट वजा करा. कॉम्प्युटरचा साधा पंखासुद्धा वॉट-दोन वॉट खातो.

गरम बाजू १०० अंश आणि थंड बाजू ३० धरली तर कार्नोची मर्यादाच १९ टक्के. बिस्मथ टेल्युराइडच्या हाती त्यातले तीन-चार लागले तरी खूप. १९७७ साली गेलेल्या व्हॉयेजरच्या प्रत्येक जनरेटरला २४०० वॉट उष्णतेतून सुरुवातीला दीडशेच्या आसपास वॉट मिळायचे. पण तिथे ऊन नाही आणि दुरुस्तीला माणूस जाणार नाही, म्हणून तो सौदा परवडतो. तुमच्या गॅलरीत ऊन आहे ना?

असो. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ओळखीतल्या एका मुलीच्या ग्रुपने फायनल इयरला हाच प्रोजेक्ट केला. लोड लावून अर्धा तास दर मिनिटाला नोंद घेतली, सरासरी आली ०.६ वॉट. परीक्षक म्हणाले, "बस, एवढंच?" बक्षीस गेलं शेजारच्या टेबलाला, नुसते व्होल्ट दाखवणाऱ्यांना. आता ती म्हणते, पुढच्या वेळी रेझिस्टर काढूनच दाखवू. चार वर्षांत कॉलेजने हेच शिकवलं म्हणायचं!

मंडळी, तुमच्यातले काहीजण अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जाता. जाताना खिशात २ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टाका. लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल. टेबलावर ठेवा आणि म्हणा, "हा लाव आणि अर्धा तास थांब."