फरारी आरोपी आणि मुलांची साक्ष

शेजारच्या सज्जन गृहस्थावर मुलाच्या लैंगिक छळाचा आरोप होतो, गृहस्थ रातोरात नाहीसा होतो, आणि आळी कुजबुजते, ‘मुलांना खाऊ देणारा माणूस, तो असे कसे करील?’ वस्तुतः मुलांपर्यंत पोचण्याची वाट बहुधा याच सौजन्यातून जाते. केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालात १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. छळ करणाऱ्यांत निम्मे जण ओळखीचे वा विश्वासाच्या स्थानावरचे होते.

पलायन हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. निरपराधही भीतीने पळतो. परंतु पळालेल्याला काळाचा लाभ मिळतो आणि त्याची किंमत मूल मोजते. मुंबईतील ‘अँकरेज’ प्रकरण पाहावे. कुलाब्यात रस्त्यावरील मुलांसाठी डंकन ग्रांट या ब्रिटिश गृहस्थाने १९९५ मध्ये निवारा काढला. परोपकारी म्हणून त्याचा लौकिक होता. २००१ मध्ये त्याच्यावर व त्याचा सहकारी अ‍ॅलन वॉटर्स याच्यावर गुन्हा दाखल झाला, तेव्हा दोघेही पोलिसांच्या हाती नव्हते. वॉटर्स २००३ मध्ये न्यूयॉर्कला पकडला गेला. ग्रांट २००५ मध्ये शरण आला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रार आणि अंतिम निकाल यांत दहा वर्षे उलटली. तेवढ्यात मुलांची मोठी माणसे झाली.

२०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने, न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवण्याची अपेक्षा ठेवली आहे. पण आरोपीच हजर नसेल तर? यावर उपाय जुनाच आहे. फरारी आरोपीच्या गैरहजेरीत साक्ष नोंदवून ठेवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९९ मध्ये होती. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती कलम ३३५ मध्ये आहे. साक्षीदार पुढे मरण पावला वा सापडेनासा झाला, तर ही साक्ष वापरता येते. रस्त्यावरच्या, ठिकाणा नसलेल्या मुलाच्या बाबतीत तिचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको. उलटतपासणी न झालेल्या साक्षीवर आरोपीचे वकील आक्षेप घेतील, आणि तो गैर नव्हे. म्हणून तिचे वजन न्यायालयाने जोखावे; पण मुळात ती नोंदलेली तर हवी. आरोपी फरारी होताच सरकारी वकिलाने हा अर्ज दिला पाहिजे, तो सापडण्याची वाट पाहत बसता कामा नये.