परदेश, पंगत आणि समीक्षेची जीभ

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेत एक प्रशस्ती वर्षानुवर्षे खपत आली आहे. परदेशी गेलेला लेखक तेथील बेचव जेवणाने हैराण होतो, वरणभाताच्या आठवणीने व्याकुळ होतो, आणि समीक्षक त्याला ‘अस्सल मराठी मना’चे प्रमाणपत्र देऊन मोकळा होतो. हे प्रमाणपत्र कोणत्या कचेरीतून निघते, याची चौकशी सहसा होत नाही. वरणभात, वर तूप आणि बाजूला लिंबाची फोड ही विशिष्ट सामाजिक थरातील पानाची मांडणी आहे. भात झाडीपट्टीतही आहे आणि कोकणातही. परंतु त्या भाताभोवतीचे पान निराळे. कोरडवाहू मुलखात तर रोजचे पान भाकरीचे. एका थराची जीभ अवघ्या भाषेच्या नावावर चढविणे याला भाबडेपणा म्हणता येणार नाही. तो वाङ्मयीन सत्तेचा व्यवहार आहे.

या व्यवहारात आणखी एक भेद झाकला जातो. पाहावयास जाणे वेगळे आणि कामासाठी राहणे वेगळे. पाहुण्याला परके अन्न चार दिवस सोसावयाचे असते, त्याचा तो किस्सा करू शकतो. ज्याला तेथे नोकरी, शिक्षण किंवा मजुरी करावयाची आहे, त्याला उद्या सकाळी पुन्हा चुलीपुढे बसावयाचे असते. आणि चूल कोणाची, सरपण कोणी आणावयाचे, काय शिजवावयाचे हे कोणी ठरवावयाचे, हे प्रश्न त्याला चुकत नाहीत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) मागे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणाचे काम होते; वाचनपरंपरेने मात्र ते काम पुसून सहल तेवढी शिल्लक ठेवली. दोष येथे पुस्तकापेक्षा वाचनाचा अधिक. लेव्ही-स्ट्रॉसचे कच्चे आणि शिजवलेले आता आपल्या चर्चासत्रांतून सर्रास वाढले जाते. शिजविणारा हात मात्र त्या चर्चेत क्वचितच दिसतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, पुढे चेल्टनहॅमला शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. या आग्रहात धर्मभगिनींना जुन्या जातीचा अभिमान दिसला, आणि रमाबाईंनी तो आक्षेप पत्रांतून परतविला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात ईश्वरशास्त्राच्या वादाइतकाच हा पानातला वाद गंभीर आहे. आपण काय खावे हे दुसऱ्याने ठरवू नये, एवढे साधे त्याचे सूत्र. त्याच वर्षी अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी यांनीही फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी आणि शाकाहार सांभाळीत १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्या क्षयाने गेल्या. त्यांच्या आहाराची चर्चा झाली ती स्वधर्मनिष्ठेची खूण म्हणून, नाहीतर शोकांतिकेचे कारण म्हणून. परक्या देशात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थिनीचा रोजचा संसार म्हणून त्याकडे कोण पाहणार?

हा प्रश्न समुद्रापलीकडचाच आहे, असे मानण्याचेही कारण नाही. पारपत्र न लागणारा परदेश महाराष्ट्राच्या नकाशातच आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडच्या बाजूला, घरची भाषा माडिया. आणि ती मराठीची बोली नव्हे, द्राविडी कुळातील भाषा आहे. सिरोंचाकडे प्राणहिता-गोदावरीच्या काठी घराघरांत तेलुगू. तेथे पुण्या-नागपूरहून जाणारा मास्तर, डॉक्टर, वनाधिकारी हाच परका. तरीही त्याचे लेखन वाचताना आपण यजमानाची जागा त्यालाच देतो. लाल मुंग्यांची चटणी, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, रानातले कंद यांची तो यादी करतो आणि समीक्षा तिला ‘अनुभवसमृद्धी’ म्हणते. मोहाचे तर विचारूच नये. सुकविलेले मोहफूल हे टंचाईच्या दिवसांतले अन्न आहे, त्याच्या बियांपासून तेल निघते. बाहेरच्याच्या लेखनात मात्र मोह म्हणजे दारू आणि दारू म्हणजे आदिवासी, एवढेच समीकरण उरते. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, पण या समीकरणावर बंदी आलेली नाही.

विलास मनोहर यांचे ‘नेगल’ घ्यावे. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला. तेथील प्राण्यांच्या गोकुळाची सुरुवात एका शिकारीपासून झाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू प्रकाश आमटे यांनी शिकाऱ्यांकडून मागून घेतले. पिल्लू वाचले ही गोष्ट मोठीच. परंतु या पुस्तकाचे स्वागत प्राणिप्रेम आणि सेवावृत्ती या दोनच शब्दांत आटोपले गेले. त्या माकडिणीवर घरातल्या किती तोंडांचा हिशेब होता, हा प्रश्न प्रसंगातच उघडा पडलेला आहे. तो पाहण्याची तसदी समीक्षेने घेतली नाही. बाहेरचा माणूस झोपडीत राहिला, मिळेल ते खाल्ले, की आपण त्याला त्याग म्हणतो. शिकारी रेशनच्या तांदळावर आला की त्याला विकास म्हणतो. जुळवून घेणे दोन्हीकडे आहे. गौरव एकाच बाजूला जातो.

राणी बंग यांचे ‘गोईण’ येथे उपयोगी पडते. गोईण म्हणजे मैत्रीण. झाडांशी असलेले आपले नाते त्या भागातल्या बायका स्वतः सांगतात, आणि ऐकणारी डॉक्टर शिकणाऱ्याच्या जागी बसते. समीक्षेने मात्र हे पुस्तक वैद्यक, वनस्पती, समाजकार्य अशा कोणत्या तरी फळीवर ठेवून दिले.

उलट दिशेच्या प्रवासाला तर फळीच नाही. आश्रमशाळेत दाखल झालेला माडिया मुलगा एका दिवसात परदेशी पोचतो. पुस्तक परक्या भाषेत, जेवण घंटेवर, आणि रान हाताशी असून त्यातले काही तोंडात टाकण्याची मुभा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीतील मजूर, त्यांत बायका पुष्कळ, दर हंगामाला मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. नदी ओलांडली की हिशेबाची भाषा बदलते, शेताच्या कडेला चूल मांडावी लागते, आणि दिवसभर मिरची तोडलेल्या हातांनीच भात कालवावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत हे मजूर तेथे अडकले, कित्येक जण पायी निघाले. वर्तमानपत्रांत ते आकडे म्हणून आले. प्रवासवर्णनाच्या व्याख्येत प्रवास, परका मुलूख, अनुभव आणि निवेदन एवढेच घटक असतील, तर या स्त्रियांच्या कथनात यांपैकी काय उणे आहे? त्यांनी विमान पाहिलेले नाही, एवढेच ना?

देशीवादी समीक्षकांनी तरी हे पाहावयास हवे होते. त्यांनी ‘देशी’ची सीमा भाषेच्या सीमेवर आखली आणि नदीच्या दोन्ही काठांवर राबणारे माणूस त्या रेषेबाहेर राहिले.

२०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाले. या दोन जिल्ह्यांतल्या गावांतून येणारे पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या आईची वा मावशीची मिरचीच्या हंगामाची हकीकत सहज ध्वनिमुद्रित करू शकतील. तशी ती झालीच, तर सध्याच्या अभ्यासक्रमात प्रवासवर्णनाच्या शेजारी बसविली जाण्यापेक्षा ‘लोकसाहित्य’ या कोनाड्यात ठेवली जाण्याचीच शक्यता अधिक आहे.