बिलियर्डच्या खोलींतील मोटार

मोटारीवर कारखानदाराचें नांव झळकतें. तिचा आराखडा काढणाराचें सहसा कोणास ठाऊकही नसतें. 'ऑस्टिन सेव्हन' ह्या चिमुकल्या इंग्रजी गाडीची हकीकत आम्ही वाचकांस सांगतों ती याकरितांच.

१९२१ सालीं बर्मिंगहॅमनजीकचा ऑस्टिनचा कारखाना कर्जापायीं रिसीव्हरच्या ताब्यांत गेला होता. मध्यम स्थितीच्या कुटुंबास झेपेल अशी लहान गाडी काढावी, हा सर हर्बर्ट ऑस्टिन यांचा बेत संचालकांस रुचेना. तेव्हां त्यांनीं कारखान्यांतील स्टॅन्ले एज नामक अवघ्या अठरा वर्षांच्या नकाशे काढणाऱ्या मुलास आपल्या राहत्या घरीं नेलें आणि बिलियर्डच्या खोलींत काम मांडलें. ऑस्टिन यांच्या मनांत दोन सिलिंडरांचें इंजिन होतें. एजचा आग्रह चार सिलिंडरांचा. चार सिलिंडरांत स्फोट लहान लहान व लौकर लौकर होतात, म्हणून गाडी कमी थरथरते. पन्नाशी उलटलेल्या मालकापुढें असा हट्ट धरणें सोपें नव्हे! पण मालकानें ऐकलें.

पेटंटें मात्र ऑस्टिन यांच्या नांवें झालीं. त्यांनीं पदरचा पैसा घातला होता, तेव्हां हें गैर म्हणवत नाहीं. तथापि त्या इंजिनाचें श्रेय आम्ही एजलाच देऊं.

१९२२ सालीं निघालेल्या ह्या गाड्या १९३९ पर्यंत सुमारें दोन लाख नव्वद हजार झाल्या. जर्मनींत 'डिक्सी' कारखाना परवान्यानें तीच गाडी बनवी. तो कारखाना १९२८ सालीं बी. एम. डब्ल्यू. नें विकत घेतला. त्या प्रख्यात कंपनीची पहिली मोटार ती हीच. इंजिन अर्थातच चार सिलिंडरांचें.